खवल्यांच्या छपराला तेल

आमटीच्या पातेल्यात छपराचा तुकडा पडला, तेव्हाच आरतीने ठरवलं की आता हे छप्पर बदलायचं. तिच्या आईने, गोजरबाईंनी, मात्र तो तुकडा पळीने बाहेर काढला, धुतला, उन्हात ठेवला आणि आमटी पुन्हा पडवीतल्या चुलीवर चढवली.

"सागाचा हाय," त्या म्हणाल्या. "त्यानं काय हुतंय?"

संगमनेरच्या पुढे, प्रवरेच्या काठच्या त्या गावात हे घर 'खवल्यांचं घर' म्हणूनच ओळखलं जायचं. आरतीचे वडील सूर्यभान सुतार होते. साखर कारखान्याच्या जुन्या कॉलनीचे दरवाजे मोडीत निघाले, तेव्हा त्यांनी ते घरी आणले, चिरून हातभर लांबीच्या फळ्या केल्या आणि माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक चढवून पुढची पडवी झाकली. डोंगराळ मुलखात अशी छपरं असतात, असं त्यांनी कुठल्याशा मासिकात पाहिलं होतं. गाव आधी हसलं. पुढे पत्ता सांगताना गावाला त्याच छपराचा उपयोग झाला.

या छपराचा दरवर्षी एक सोहळा असायचा. अक्षय्य तृतीयेनंतरच्या रविवारी सूर्यभानचे दोन दोस्त सकाळीच हजर व्हायचे. एक रंगनाथ, कारखान्याच्या वर्कशॉपातला जोडीदार सुतार. दुसरे मेहताबभाई, रंगारी. तिघं छपरावर चढून प्रत्येक खवल्याला जवसाचं तेल पाजायचे आणि दिवसभर एकमेकांच्या कामाला नावं ठेवायचे. आढ्यापाशी सूर्यभान बसायचे, कारण तिथून दोघांच्याही चुका दिसायच्या. मग खाली आमरसाचं जेवण व्हायचं आणि तिघंही पडवीत आडवे व्हायचे.

गेल्या कार्तिकात सूर्यभान गेले. त्यांना उचलायला हेच दोघं पुढे होते. नंतरच्या अवकाळी पावसात, लागलेल्या वाळवीत आणि न झालेल्या डागडुजीत छपराने मान टाकली.

"काय बी बसव," गोजरबाईंनी लेकीला बजावलं, "पर लाकूडच बसव. सुताराच्या घरावर पलास्टिक न्हाई चढायचं."

आरती संगमनेरच्या कॉलेजात शिकवत होती. कुठल्याही गोष्टीवर आधी वाचून मग बोलायचं, ही तिची सवय. तिने लाकडाच्या वखारीत चौकशी केली. एवढा चांगला साग हवा असेल तर आधी झाडं लावा, असं वखारवाल्याने प्रेमाने सांगितलं. आणि लाकूड मिळालं असतं तरी ते बसवणार कोण, दरवर्षी सांभाळणार कोण? रंगनाथकाकांचे गुडघे आता जिना पाहूनच दुखायला लागत.

मग तिला कळलं की रबर आणि प्लास्टिकच्या मिश्रणाचे, हुबेहूब लाकडासारखे खवले मिळतात. सुप्याहून वाल्मिक नावाचा विक्रेता नमुने घेऊन आला. त्याने टेबलावर दोन तुकडे ठेवले आणि खरं लाकूड ओळखायला सांगितलं. आरतीने रेषा पाहिल्या, हात फिरवला, सुताराची मुलगी म्हणून थोडी ऐटही केली आणि एका तुकड्यावर बोट ठेवलं.

"ते आमचं," वाल्मिक समाधानाने म्हणाला. "वाळवी नाही, कुजणं नाही, तेलपाणी नाही. बसवलं की तीस वर्षं वर बघायचंसुद्धा नाही, ताई."

त्याच आठवड्यात गोजरबाई बहिणीच्या नातवाच्या लग्नाला खर्ड्याला गेल्या. त्या परत येईपर्यंत पडवी नव्याने झाकून तयार होती. एस.टी.तून उतरून आल्यावर त्या पिशवी हातात धरूनच अंगणात उभ्या राहिल्या आणि बराच वेळ वर बघत राहिल्या.

"बाहेरच्या देशातलं लाकूड आहे," आरती म्हणाली.

"दिसतंय खरं लांबचं," गोजरबाई म्हणाल्या आणि पाय धुवायला गेल्या.

इतक्या सहज सुटका झाली म्हणून आरतीने मनोमन सगळ्यांचे आभार मानले: देवाचे, वाल्मिकचे, आईच्या मोतीबिंदूचेसुद्धा. जेवणात आता भुसा पडत नव्हता. आई पूर्वीसारखी पडवीत बसून गहू निवडत होती. खोटं बोलल्याची टोचणी होती, पण ती कोरड्या जागी बसून सोसता येत होती.

अक्षय्य तृतीया जवळ आली आणि गोजरबाईंनी दोघांना निरोप धाडला. रविवारी तेल लावायला या.

"आई, या लाकडाला तेल लागत नाही," आरती घाईने म्हणाली.

"तेल लागत न्हाई आसलं लाकूड आसतं व्हय? मानसाला सुदिक लागतं."



रविवारी सकाळी मेहताबभाई ब्रश घेऊन आले आणि रंगनाथ तेलाचा डबा घेऊन. रंगनाथ गुडघ्यांना शिव्या देत शिडी चढू लागले, तेवढ्यात आरतीने मेहताबभाईंना नळापाशी गाठून सगळं सांगून टाकलं. मेहताबभाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"भाभीला म्हाईत न्हाई?"

"नाही, चाचा."

"मग मला बी म्हाईत न्हाई. पर रंगनाथला कळू देऊ नको, बेटा. त्याचा जीव लाकडात हाय. कळलं तर वरच बसून ऱ्हाईल, उतरायचा न्हाई."

ते चढले. थोड्याच वेळात रंगनाथ पाणी प्यायच्या निमित्ताने खाली उतरले आणि त्यांनी आरतीला भिंतीआड बोलावलं. त्यांचा चेहरा कुणाच्या तरी आजाराची बातमी सांगायला आल्यासारखा झाला होता.

"पोरी, तुला गंडवलंय. ह्ये लाकूड न्हाई."

"काय सांगता, काका," आरती म्हणाली. याहून खरं काही तिला सुचलं नाही.

"एकच गाठ, एकच रेघ, परत परत. झाड काय ठशानं उगवतं व्हय? आता झालं ते झालं. वैनीला सांगू नको, बिचारीला लागंल. आन् मेहताबला तर मुळीच सांगू नको. त्याच्या तोंडात तीळ भिजत न्हाई."

अशा रीतीने दोन म्हातारे कडक उन्हात छपरावर चढून प्लास्टिकला तेल लावू लागले. दोघांनाही ठाऊक होतं, आणि दुसऱ्याला ते कळू नये म्हणून दोघंही जिवाचा आटापिटा करत होते. आढ्यापाशी कुणीच बसलं नव्हतं. एक डावीकडे, एक उजवीकडे आणि मधली जागा मोकळी.

"काय पितंय बघ तेल," मेहताबभाई म्हणायचे.

"लई तान्हेलं हुतं," रंगनाथ म्हणायचे.

तान्हेलं छप्पर तेलाचा एक थेंबही आत घेत नव्हतं. सगळं तेल उतारावरून खाली येऊन पडवीच्या कडेने गळत होतं. आईच्या नजरेला पडू नये म्हणून आरतीने कडेखाली घमेली मांडली. घमेली भरली. आता हे तेल ठेवायचं कुठे? वरून रिकामा डबा खाली आला, तसं तिने घमेल्यातलं तेल त्यात ओतलं आणि डबा परत वर दिला. असं अनेकदा झालं. तेच तेल पुन्हा पुन्हा छपराला लागत होतं.

"यंदा तेल पुरतंय बरं का," रंगनाथ चकित होऊन म्हणाले.

"बरकत म्हनायची," मेहताबभाई म्हणाले.

खरंच काम करणाऱ्या माणसांसारखे ते घामाघूम झाले होते. खालून त्यांच्याकडे बघताना आरतीला हसू येत होतं. या दोघांना तिथून उतरवून हात जोडावेत, असं तिला वाटत होतं. पण उतरवायचं कोणत्या कारणाने, हे सुचत नव्हतं.

कारण शेजारच्या आवारातून आलं. तिथे कांदे साठवायची चाळ भरणं चाललं होतं. निवडलेल्या कांद्यांच्या टरफलांचा ढीग बांधाला लागून पडला होता. दुपारी एक वावटळ उठली, त्या ढिगावर दोन गिरक्या घेऊन कुंपणावरून इकडे आली आणि नुकतंच तेल लावलेल्या छपरावर सगळा माल टाकून निघून गेली. बघता बघता पडवीचं छप्पर गुलाबी झालं. टरफलं खवल्याखवल्याला चिकटली. ती मेहताबभाईंच्या दाढीत होती, रंगनाथांच्या टोपीवर होती. खाली घमेल्यांतल्या तेलावरही तरंगत होती.

रंगनाथ टरफलं झटकायला उठले. तीच चूक झाली. त्यांचा पाय सरकला, ते खाली बसले आणि बसल्या बसल्या उतारावरून सावकाश, जवळजवळ अदबीने, कडेकडे निघाले.

"मेहताब, धर मला," ते म्हणाले. "पलास्टिकवर पाय ठरंना."

मेहताबभाईंनी आडवं होऊन त्यांची कॉलर पकडली. घसरणं थांबलं. रंगनाथांचे पाय पडवीच्या कडेवरून खाली लोंबत होते.

"तुला कसं म्हाईत पलास्टिक हाय?" मेहताबभाईंनी कॉलर न सोडता विचारलं.

"तुला कसं म्हाईत, ते सांग आधी."

"मला पोरीनं सांगितलं."

"आन् मी पोरीला सांगितलं."

दोघांनी मिळून आरतीकडे पाहिलं. आरतीने शिडीकडे पाहिलं. शिडीपाशी गोजरबाई उभ्या होत्या. एका हातात खराटा, दुसऱ्या हातात वाफाळत्या पाण्याची बादली, आणि पाण्यावर कपड्याच्या पावडरीचा फेस. एवढं पाणी तापायला बंब सकाळीच पेटवावा लागतो, हे आरतीच्या जरा उशिरा लक्षात आलं.

"झालं आसंल तेल लावून तर धुऊन काढा आता," गोजरबाई म्हणाल्या. "आमरस थांबलाय."

रंगनाथांना खाली उतरवलं. ते पायरीवर बसले आणि आरती आईसमोर मान घालून उभी राहिली. तिने मनात जुळवलेली सगळी वाक्यं कॉलेजात शोभतील अशी होती.

"वैनी, तुमाला कधी कळलं?" रंगनाथांनी विचारलं.

"आले त्याच दुपारी. जुनं छप्पर ऊन चढलं की कुरकुर करायचं. सागाची सवयच ती. खाली तुमचे दोस्त बी करायचे. दोघांची कुरकुर ऐकत माझी दुपार जायाची." त्यांनी बादली खाली ठेवली. "ह्ये गप हाय. पार गप. लाकूड आसतं तर बोललं आसतं."

"मग आई, मला बोलली का नाहीस?" आरती म्हणाली.

"तू एवढी लाकूड लाकूड करून सांगत हुतीस. म्हनलं, लेकीची हौस."

मेहताबभाई दाढीतली टरफलं काढत होते. त्यांना एकच गोष्ट कळत नव्हती. "पर भाभी, पलास्टिक हाय हे ठावं हुतं, तर आमाला तेल लावाया कशाला बोलावलं?"

गोजरबाईंनी खराट्याचं काड्या सुटलेलं टोक हाताने सारखं केलं.

"तेल लागत न्हाई आसा निरोप धाडला आसता," त्या म्हणाल्या, "तर तुमी आला आसता?"

आलो असतो, असं मेहताबभाई पटकन म्हणाले. इतकं पटकन, की ते त्यांनाच खरं वाटलं नाही. रंगनाथ पायरीकडे बघत राहिले.

"न्हाई आलो आसतो, वैनी," ते म्हणाले. "काय म्हनून येनार? नुसतं येऊन बसायचं म्हनलं, की त्याची रिकामी जागा दिसती. हातात काम आसलं की बरं पडतं."

"तेच म्हनते मी," गोजरबाई म्हणाल्या. "घ्या, पानी गार हुईल."

मग छप्पर धुणं सुरू झालं. रंगनाथांना वर जायला बंदी होती, म्हणून त्यांनी खालून हुकूम सोडायचं काम घेतलं. मेहताबभाई खराटा चालवत होते. आढ्यापर्यंत त्यांचा हात पोचेना, तेव्हा गोजरबाईंनी लेकीला वर जायला सांगितलं. आरतीने ओढणी कमरेला बांधली आणि ती चढली. वडिलांच्या जागी बसल्यावर तिला खालची तिन्ही माणसं एकदम दिसली. मेहताबचाचा डावीकडचा कोपरा सोडून चालले होते. रंगनाथकाका उजवीकडे बादल्या भरताना पाणी सांडत होते. इथून सगळ्यांच्या चुका दिसतात, हे खरंच होतं. तिने कुणालाच काही सांगितलं नाही. पाणी ओतत ती बराच वेळ तिथे बसून राहिली.

छप्पर मात्र गुणी निघालं. दोन-चार बादल्यांत तेल गेलं, टरफलं गेली, आणि खवले पहिल्या दिवसासारखे झाले. रंगनाथांनी शेवटच्या ओळीतल्या एका खवल्यावर बोट घासून पाहिलं.

"साग आसता तर डाग पडला आसता," ते नाइलाजाने म्हणाले. सुताराच्या तोंडून प्लास्टिकला याहून मोठी दाद मिळणं शक्य नव्हतं.

जेवणं उशिरा झाली. आमरसाच्या वाट्या पुन्हा पुन्हा भरल्या गेल्या. कुरडई खाताना मेहताबभाईंनी घसरणाऱ्या रंगनाथांची नक्कल केली, रंगनाथांनी तेल पाजणाऱ्या मेहताबभाईंची. गोजरबाई तोंडाला पदर लावून हसल्या. कार्तिकापासून त्या घरात असं कुणी हसलं नव्हतं. आरतीने आईच्या वाटीत आणखी रस वाढला आणि आई नको म्हणाली नाही.

पाहुणे निघाले तेव्हा उन्हं अजून समोरच्या लिंबावर होती. आरती शिडी उचलायला गेली आणि थांबली. कांद्याच्या चाळीकडच्या बाजूची एक अख्खी ओळ कुणी धुतलीच नव्हती. तिथे तेल तसंच चकाकत होतं आणि पलीकडून उडत आलेली चार-दोन टरफलं त्यावर येऊन बसतही होती.

"चाचा, एवढी एक ओळ राहिली."

मेहताबभाईंनी चप्पल घालता घालता वर पाहिलं. मग रंगनाथांकडे पाहिलं. रंगनाथ चष्मा पुसण्यात गुंतले होते.

"आता अंधारात काय दिसनार, बेटा," मेहताबभाई लख्ख उजेडात म्हणाले. "पुढल्या रविवारी येऊन बघू."

"चाळ भरायला अजून लई दिवस लागतील," रंगनाथ म्हणाले. "टरफलं येतच ऱ्हानार. बघावंच लागंल."

"या की मग," गोजरबाई म्हणाल्या. "पानी तापवून ठेवते."

आरतीने शिडी उचलली नाही.