खिम्याचं साळिंदर

"हॅम्बर्गर? त्यात काय मोठं, मी करतो," एवढंच मी बोललो. जेवायला बसल्यावर माणसानं तोंड फक्त जेवायलाच उघडावं, हे मला बाहत्तराव्या वर्षी कळलं, तेही जर्मनीत येऊन.

माझी लेक स्नेहलता वोल्फ्सबुर्गला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात मी आणि माझी बायको सुलेखा तिच्याकडे गेलो होतो. नात ईप्सिता दहा वर्षांची होणार होती. माझं वाक्य संपायच्या आत पोरीनं सहा मैत्रिणींना कळवून टाकलं, माझा आजोबा कोख आहे, म्हणजे आचारी, आणि वाढदिवसाला तोच हॅम्बर्गर करणार.

आता मी आचारी आहे हे खरं. जालन्याला मिशनच्या बोर्डिंगात तीस वर्षं दोनशे पोरांचं रांधलंय. (चौथीनंतर शाळेचं तोंड पाहिलं ते असं, भटारखान्याच्या दारातून.) पण हॅम्बर्गर करायचं सोडा, मी खाल्लासुद्धा नव्हता.

"अहो, मग कबूल करा ना," सुलेखा म्हणाली.

"कबूल करायला मी काय चोरी केलीय?"

पहिल्या दिवशी बीफचा खिमा आणला. आलं, लसूण, कोथिंबीर, अंडं, भिजवलेला पाव घातला आणि कणीक मळावी तसा मळला. ईप्सितानं एक घास खाल्ला.

"नाइन, नाही आजोबा. ही तर फ्रिकाडेले!"

"ती कोण?"

"खिम्याचा वडा, बाबा," स्नेहलता म्हणाली. "इथे घरोघरी करतात. बर्गर वेगळा."

माझं टाळकं सटकलं. पण खरं सांगतो, खाजही सुटली. वेगळा म्हणजे कसा? लेकीला घेऊन थेट खाटकाकडे गेलो.

"त्याला विचार, बर्गरच्या खिम्यात काय काय घालायचं?"

"काही नाही म्हणतोय."

"सांगायचं नसेल त्याला. नीट विचार."

"बाबा, नुसतं मांस. पाचवा हिस्सा चरबी पाहिजे. मळायचं नाही, हलक्या हातानं गोल करायचं. आणि मीठ तव्यावर टाकताना, वरून."

मी तीस वर्षं मीठ आधी घातलं, दोनशे पोरं जगली. तरी म्हटलं बघू. पहिला घाणा उलथण्यानं दाबला. रस सगळा तव्यात, हातात उरली चपलेची टाच. दुसऱ्याला हात लावला नाही. आणि काय सांगू! नुसतं मांस आणि मीठ, पण चव अशी की मला प्रश्न पडला, मसाल्याखाली मी आयुष्यभर झाकत काय होतो? (मग बोर्डिंगला मांस घालणारा खाटीक आठवला आणि कळलं काय झाकत होतो.)

मग वरच्या सामानाची उलटतपासणी. प्रत्येकाला विचारलं, बाबा रे, तू इथे कशाला? सॅलडचं पान खाली, म्हणजे रसानं पाव भिजत नाही. व्हिनेगरमधली काकडी तुपकटपणा मारते. चीज मांस गरम असतानाच टाकायचं, म्हणजे चिकटून बसतं. टोमॅटो कशाला ते अजून कळलं नाही. शर्टावर पडायला असावा.

आठ दिवस घरात दुसरं काही शिजलं नाही.

"या देशात वरणभातावर बंदी आहे का हो?" सुलेखानं विचारलं. मी कामात होतो.

वाढदिवसाला दुपारी पोरी आल्या आणि ईप्सिताबरोबर बागेत पळाल्या. शेजारच्या फ्राऊ लोहमान आल्या, स्वयंपाकघरात एक ताट ठेवलं आणि हातानं खुणा करत पुन्हा घरी गेल्या. ताटात पाहतो तर खिम्याचं साळिंदर! अंगभर कांद्याचे काटे, ऑलिव्हचे डोळे. आणि खिमा डुकराचा, कच्चा.

"बाई भाजायला विसरली," मी म्हणालो.

"पोरींनी तोंडात घातलं तर? पोटं बिघडली की नाव तुमचं होईल!" सुलेखा म्हणाली.

स्नेहलता दुकानात मेणबत्त्या आणायला गेलेली. विचारणार कोणाला? नातीला विचारावं तर आचाऱ्याची अब्रू जाते. साळिंदर मोडलं, काट्यांसकट सात टिक्क्या थापल्या आणि माझ्या बीफच्या टिक्क्यांशेजारी तव्यावर टाकल्या. खिमा मळलेला, मीठ-मिरी आधीच आत, एकही नियम पाळलेला नाही. पावात घालून दोन्ही प्रकार पोरींपुढे ठेवले.

माझा बर्गर प्रत्येकीनं एक घास खाल्ला, हसून मान डोलावली आणि बशीच्या कडेला सरकवला. साळिंदरावर मात्र तुटून पडल्या. बोटं चाटून "नोख आइनेन!" ओरडायला लागल्या, म्हणजे आणखी एक!

तेवढ्यात फ्राऊ लोहमान पावांची टोपली घेऊन आल्या आणि रिकामं ताट पाहून जागीच थबकल्या. मागोमाग आलेल्या स्नेहलतानं कपाळावर हात मारला.

"बाबा! ते कच्चंच खातात. पावावर लावून. इथली पद्धत आहे."

"कच्चं डुक्कर?"

"चाळीस वर्षं त्या वाढदिवसाला साळिंदर करतात. आजवर कुणी भाजलं नव्हतं."

बाईंनी उरलेला अर्धा तुकडा उचलला, तोंडात टाकला, छताकडे बघत चावला. "गुट," म्हणजे छान, म्हणाल्या. पण माझ्याकडे न बघता.

आता पोरी विचारायला लागल्या, हे केलं कुणी? ईप्सिता माझ्याकडे टक लावून उभी. तिची सगळी पत माझ्या जिभेवर होती. पण खोटं मला जमत नाही.

"मांस ह्यांचं, मीठ ह्यांचं, कांदाही ह्यांचाच," मी बाईंकडे बोट दाखवून म्हणालो. स्नेहलतानं ते जर्मनमध्ये सांगितलं. पोरी खुदखुदल्या. ईप्सितानं क्षणभर विचार केला आणि माझा हात धरला.

"आजोबा, पुढच्या वर्षी पण नक्की या हं."

माझा ऊर भरून आला. "येणारच. करू ना तुझे बर्गर?"

"नको, ते फ्राऊ लोहमान करतील. तुम्ही पांढरी टोपी घालून त्यांच्या बाजूला उभे राहा. मी सगळ्यांना कोख सांगितलाय, तो दिसायला तरी पाहिजे ना!"