देवमनकाकांच्या घराचे ऐब

घर विकायला काढलेला माणूस गिऱ्हाइकाचा हात धरून त्याला भिंतीतली ओल दाखवतो, हे मी फक्त आमच्या शेजारच्या देवमनकाकांकडं पाहिलं. उस्मानपुऱ्यातलं त्यांचं घर बघायला कोणी आलं की काका त्याला टेकूही देत नसत. "आधी ऐब, मग चहा," म्हणत आणि थेट मोरीकडं नेत. "ह्या नळाला पाणी कमी येतं. ही खिडकी पावसाळ्यात फुगते, मग लागत नाय. बघून घ्या, उद्या आम्हाला नावं ठेवू नका."

बरीच गिऱ्हाइकं चहा न पिताच गेली.

स्वभाव जुनाच. मागं स्कूटर विकायला काढली, तेव्हा घेणाऱ्याला तिची इतकी दुखणी सांगितली की तोच म्हणाला, "काका, तुम्ही हिच्यावर बसत जाऊ नका." मुलासाठी मुलगी बघायला गेले, तिथंही पोह्यांची बशी हातात यायच्या आत सांगून मोकळे, "पोरगा लई घोरतो." सून म्हणते, त्या एका वाक्यावर तिच्या वडिलांनी होकार दिला.

मुलानं चिकलठाण्याला फ्लॅट घेतला होता, म्हणून हे घर विकायचं होतं. शेवटी लासूर स्टेशनचं एक जोडपं टिकलं. सगळे ऐब ऐकून त्यांनी चहाही घेतला. कर्जासाठी बँकेनं इंजिनिअर पाठवला, त्या दिवशी ते दोघंही आले होते आणि मीही तिथं होतो. काकांनी त्यालाही हौसेनं ओल दाखवली. तो मात्र स्वयंपाकघराच्या वर बघत होता. तिथं पूर्वी सामानाचा माळा होता. काकांनी त्याला भिंती घालून, वर पत्रे टाकून खोली केली होती.

इंजिनिअर वाकून आत गेला, बाहेर आला. "ह्या खोलीची परवानगी दिसत नाही. उंची कमी आहे, जिना अरुंद. आणि भिंतींच्या वजनानं खालच्या तुळईला तडा गेलाय. असं असेल तर कर्ज मिळणार नाही."

मला वाटलं, आणखी एक ऐब सापडला म्हणून काका खूश होतील. ते म्हणाले, "बाकी घराला काय बी म्हणा साहेब. त्या खोलीला नाय."

घेणाऱ्या बाईंनी हळूच विचारलं, "तिथं कोण राहायचं?"

"माझी बहीण, शेवंता. सासर सोडून आली तेव्हा घर हे एवढंसं. स्वयंपाकघरात झोपायची. सगळ्यांच्या आधी उठून अंथरूण गुंडाळून ठेवायची, कोणाला दिसू नाय म्हणून. परवानगी मागितली असती तर मिळाली नसती, म्हणून मागितलीच नाय. तिला एक दार पायजे होतं, आतून लावता येईल असं." मग खालच्या आवाजात म्हणाले, "मागच्या उन्हाळ्यात गेली."

इंजिनिअरनं तुळईच्या तड्याकडं बोट केलं. "काका, खोली कशासाठी बांधली ते तुळईला कळत नाही. तिच्याखाली उद्या ह्यांची लेकरं जेवायला बसणार."

काका तुळईकडं बघत राहिले.

"व्हय," ते म्हणाले. "नळाचं सांगितलं, खिडकीचं सांगितलं. हा तडा मला दिसत होता, पण हे तेवढं तोंडातून निघालं नाय."

पुढच्याच आठवड्यात त्यांनी गवंडी बोलावला. स्वतः उभं राहून पत्रे उतरवले, भिंती काढल्या, तुळईला आधार देऊन घेतला. इंजिनिअर पुन्हा येऊन बघून गेला आणि व्यवहार झाला.

परवा मी त्यांना भेटायला चिकलठाण्याला गेलो. सून वैतागली होती. वरच्या मजल्यावरचे लोक दुपारभर खुर्च्या ओढतात, धाडधाड चालतात. ती त्यांना सांगायला निघाली होती, तर काकांनी अडवलं.

"राहू दे गं."

"अहो, पण तुम्हालाच तर झोप लागत नाही."

डोक्यावर कोणाची तरी पावलं एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेली. काकांची नजर छतावरून त्यांच्या मागोमाग गेली.

"वर माणूस असलं की बरं वाटतं," ते म्हणाले.