साडूला घर दाखवताना

कॅनडातल्या सास्काटून शहराची बढाई मारावी तर ओरेस्ट हावरिलकनंच. व्हँकुव्हरला राहणाऱ्या साडूला, क्लिफर्डला, तो दर रविवारी फोनवर ऐकवायचा की तुम्ही तिकडे ज्या पैशात खुराडं घेता, त्यात आमच्याकडे अंगण, तळघर आणि वर आख्खं आभाळ मिळतं. दोन दिवसांच्या प्रवासावर राहणाऱ्याला जेवायला बोलावताना कुणी हात आखडता घेतो का!

मग जानेवारीत क्लिफर्डचा फोन आला. आपण निवृत्त झालोय, बायकोला, लॉरेनला, बहिणीजवळ राहायचंय, शनिवारी घरं बघायला येतोय.

ओरेस्टच्या तोंडचं पाणी पळालं. साडू माणूस वाईट नव्हता, पण त्याच्याकडे सल्ल्यांची खाण होती. मागच्या भेटीत त्यानं ओरेस्टला कांदा कसा चिरावा, बूट कसे काढावेत आणि बायकोशी कसं बोलावं, हे सगळं शिकवलं होतं. पण बायकोला, डार्लीनला, हे सांगायचं कसं? सख्खी बहीण येणार म्हणून ती बिचारी फोनवर ‘हो का, वा वा’ करत होती. ओरेस्ट गप्प बसला आणि त्यानं सगळी भिस्त थंडीवर टाकली. बाहेर उणे पस्तीस होतं.

पाहुणे आले त्या रात्री इंजिन गोठू नये म्हणून गाडीची वायर विजेला लावायला तो मुद्दाम ‘विसरला’. सकाळी गाडी दगड झाली होती. मेहुणी आता रडणार, अशा आशेनं तो उभा होता, तोवर समोरच्या घरातला माणूस न बोलावता बॅटरी जोडायची केबल घेऊन आला आणि त्याच्या बायकोनं चौघांना गरम कॉफी आणून दिली. लॉरेनचे डोळे भरून आले खरे, पण थंडीनं नव्हे. आमच्या इमारतीत सोळा वर्षांत कुणी नाव विचारलं नाही, म्हणाली.

मग ओरेस्टनं त्यांना शहराच्या पार टोकाला नेलं, जिथे वारा थेट शेतांवरून येऊन कानफटात मारतो. तिथे गाडी बर्फात रुतली. ही मात्र त्यानं रुतवली नव्हती. क्लिफर्ड खाली उतरला, मिशीला बर्फाचे मणी लागलेले, आणि रस्त्याकडे बघत राहिला.

“काय झालं?” ओरेस्टनं विचारलं.

“ऊन,” क्लिफर्ड म्हणाला. “तिकडे नुसता पाऊस. नोव्हेंबरपासून मी माझी सावली बघितली नव्हती रे.”

एका ट्रकवाल्यानं गाडी ओढून दिली आणि नावही न सांगता निघून गेला. ट्रक दिसेनासा होईपर्यंत क्लिफर्ड हात हलवत होता.

घरापाशी पोचले तर शेजारच्या पेट्रीनाबाई दारातच उभ्या. एकट्या बाई, रेजायनाला लेकीकडे जायला निघालेल्या, पण घर विकायचा बोर्ड लावून चार महिने झाले तरी कुणी फिरकलं नव्हतं. “गारठला असाल, बोर्श्ट उकळतंय,” म्हणून त्यांनी सगळ्यांना आत ओढलं. सूप पिऊन झाल्यावर क्लिफर्ड उठला. भिंती वाजवून बघितल्या, तळघरात उतरला, वर आला आणि ओरेस्टसमोर उभा राहिला.

“तू खरं बोलणारा माणूस आहेस. या घरात खोट काय?”

पेट्रीनाबाई हातात पळी घेऊन थांबल्या होत्या. तळघरात ओल आहे, एवढंच म्हटलं की काम झालं असतं. पण ओल नव्हती. आणि म्हातारी त्याच्याकडे अशी बघत होती, जणू तोच तिला रेजायनाच्या गाडीत बसवून देणार होता.

“काही नाही,” ओरेस्ट म्हणाला. “घर चांगलं आहे.”

“आणि शेजार?”

“एका बाजूला कुंपण,” पेट्रीनाबाई म्हणाल्या, “दुसऱ्या बाजूला हा. दोन्ही कधी बोलत नाहीत.”

क्लिफर्डनं तिथेच हात पुढे केला. लॉरेननं डार्लीनला मिठी मारली.

पाहुणे खिडक्यांची मापं घ्यायला मागे थांबले आणि नवरा-बायको घरी आले. ओरेस्टनं स्वतःचं समाधान करून घेतलं. “चला, तुझ्या मनासारखं झालं.”

डार्लीन बराच वेळ मफलर सोडत राहिली.

“माझ्या मनासारखं? अरे, ती बहीण आहे माझी, मला नको कसं म्हणता येईल? म्हटलं, तू आहेस, काहीतरी करशील. तुला नेमकं शेजारचंच घर चांगलं म्हणायचं सुचलं?”