प्रधानकाकांचा झिंकचा पाठपुरावा

आमच्या गाझियाबादच्या सोसायटीत माणसं लिफ्टमध्ये भेटली की पाण्याचा टँकर आला का, असं विचारतात. प्रधानकाका विचारतात, "सेलेनियम तपासलंत का कधी?" आमची ओळख अशीच झाली. मला ऑफिसला उशीर झालेला, हातात डबा, आणि कडक इस्त्रीतले हे पांढऱ्या मिश्यांचे गृहस्थ माझी नखं निरखतायत. "पांढरे ठिपके आहेत. झिंक असणार. पाठपुरावा करा," असं म्हणून ते उतरूनही गेले.

काका केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून निवृत्त झाले, पण मंत्रालय त्यांच्यातून काही गेलेलं नाही. हल्ली त्यांच्यापुढे एकच प्रकरण असतं: सुमनकाकूंचा थायरॉइड. काकूंचं शरीर स्वतःच्याच थायरॉइडवर उलटलंय, तो ऑटोइम्यून प्रकार. मंडळाच्या गणपतीत ज्यांच्या आवाजापुढे ढोलकी ऐकू यायची नाही, त्या काकू यंदा आरतीला खुर्चीत बसून नुसत्या टाळ्या वाजवत होत्या. गोळी नुकतीच सुरू झाली होती.

तेवढ्यात काकांच्या वाचनात आलं, की अशा लोकांच्या रक्तात सेलेनियम, झिंक, लोह कमी असू शकतं. झालं! काका कामाला लागले. पितळी डाव गेला, लोखंडी कढई आली. तांब्याचा तांब्या माळ्यावर गेला, कारण "तांबं झिंकशी भांडतं." भोपळ्याच्या बियांसाठी ते मेट्रोने थेट करोल बागेत गेले आणि दुकानदाराला विचारू लागले, "इसमें झिंक कितना है?"

"बाबूजी, जितना ऊपरवाले ने डाला है."

"ऊपरवाले का कुछ लिखित में है?" काकांनी विचारलं. ते गंमत करत नव्हते.

रोज पहाटे काका काकूंच्या उशाशी स्टीलची ताटली घेऊन उभे राहत. मधोमध थायरॉइडची गोळी, भोवती लोह, कॅल्शियम, झिंक आणि सेलेनियम. "घे, पूर्ण कॅबिनेट आहे," ते म्हणत. काकू तोंड वाकडं करत सगळं पेलाभर पाण्याबरोबर गिळत. एकही दिवस खाडा नाही. एवढं करून, गोळीचा डोस दोनदा वाढवूनही रिपोर्ट ढिम्म हलेना. काकू जिना चढताना मधेच बसायला लागल्या, आणि मला खरंच भीती वाटायला लागली.

डॉक्टर बदलायचं ठरलं तेव्हा गाडी मी चालवली. नव्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी रिपोर्ट पाहून विचारलं, "आंटी, और क्या-क्या लेती हैं?"

काका याच प्रश्नाची वाट बघत होते. त्यांनी खिशातून डब्या काढून टेबलावर ओळीने मांडल्या.

"ये सब थायरॉइड की गोली के साथ?"

"बिल्कुल साथ में! एक दिन भी नागा नहीं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अंकल, लोहा और कैल्शियम उस गोली को पेट में ही पकड़ लेते हैं. खून तक पहुँचने ही नहीं देते. चार घंटे का गैप चाहिए, लोहा दोपहर में दीजिए. बाकी सब अभी बंद. और सेलेनियम पहले टेस्ट करेंगे, ज़्यादा हुआ तो वो भी नुकसान करता है."

काकांनी एकेक डबी उचलून परत खिशात घातली. पाठपुरावा हा शब्द त्या दिवशी त्यांच्या तोंडून पुन्हा आला नाही.

परतताना हायवेवर नेहमीचा जाम होता. काका मागे काकूंच्या शेजारी बसले होते. ते म्हणाले, "तुझं औषध मीच अडवून धरलं होतं गं."

"तुम्हाला काय माहीत होतं?"

"माहीत करून घ्यायला हवं होतं." मग एकदम, कधी न ऐकलेल्या आवाजात, "लोह आता दुपारी. बाकीचं बंद. मग सकाळी मी काय करायचं?"

मला हसू यायला हवं होतं. पण आरशात त्यांचा चेहरा दिसला आणि आलं नाही. इतका मोठा अधिकारी माणूस, आणि उद्या पहाटे उठून करायचं काय, हे त्याला कळत नव्हतं.

"गोळी द्यायची," काकू म्हणाल्या, "आणि बसायचं. गोळीनंतर मला तासभर चहा चालत नाही. तेवढा वेळ मी एकटीच भिंतीकडे बघत असते. तुम्ही ताटली दिली की लगेच निघून जाता."

"नुसतं बसू?"

"नुसतं बसा."

काकांनी चष्मा काढला, पुसला आणि हातातच ठेवला. "जमवतो," ते म्हणाले.

जाम सुटला होता. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या, ते मला जरा उशिराच ऐकू आलं.