लांब राहा, मी चालू आहे

कुणी जवळ येताना दिसलं, की माझी थोरली बहीण ट्रॅफिक पोलिसासारखा डावा हात वर करते आणि ओरडते, "लांब राहा! मी चालू आहे!"

महाडच्या बाजारपेठेत एखाद्या बाईने स्वतःबद्दल असं जाहीर करण्याचा अर्थ काय होतो, ते सांगायला नको. एक नवीन भाजीवाली तर तराजू हातात धरून थिजलीच. "बाई," ती हळूच म्हणाली, "असं वरडून सांगायचं नाय."

चालू असतो तो अक्काच्या कमरेचा पंप. तिचं शरीर लहानपणापासून इन्सुलिन बनवत नाही. म्हणून छोट्या मोबाइलएवढं एक यंत्र कापडी पिशवीत घालून ती कमरेला बांधते. त्यातून निघालेली बारीक नळी पोटाशी जाते आणि दिवसभर थेंबाथेंबाने इन्सुलिन देते. ते पडू नये, भिजू नये, तापू नये, नळी कशात अडकू नये. एवढ्यासाठी अक्काने सगळ्या गावाशी भांडण मांडलं आहे. शाळेत तिने तीस वर्षं गणित शिकवलं. उत्तर चुकलेल्या मुलाकडे ती जशी बघायची, तशी आता ती दाराच्या कड्यांकडे बघते. आमच्या घरातल्या दोन कड्यांत नळी अडकते म्हणून तिने त्या उपटून काढल्या.

शेजारच्या दळवींनी एकदा गमतीने विचारलं, "अक्का, पंप किती हॉर्सपॉवरचा?"

"तुमच्या तोंडापेक्षा कमी!"

आंबेनळी घाटात एसटीच्या वळणावर एक जाडे गृहस्थ तिच्या अंगावर कलंडले. तेव्हा सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं ती म्हणाली, "अहो, पडायचंच असेल तर पुढच्या वळणाला पडा! तेव्हा पलीकडे जाल!"

लोक हसतात. मीही हसलो आहे. पण अशा माणसाबरोबर एका घरात राहणं वेगळं. इन्सुलिनच्या बाटल्या फ्रिजमध्ये ठेवायच्या, पण गोठू द्यायच्या नाहीत. गोठल्या की वाया. म्हणून फ्रिजचा एक कप्पा अक्काचा. त्यावर तिच्या अक्षरात चिठ्ठी: 'हे लोणचं नव्हे.' माझी बायको वंदना त्या कप्प्याला सोवळ्यातला कप्पा म्हणायची. तिच्या दह्याच्या भांड्याला तिथून तीनदा हाकललं गेलं. वंदना काही बोलली नाही. मीही बोललो नाही. त्याचा राग मला आता येतो.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात मी आणि अक्का पोलादपूरला एका बारशाला गेलो होतो. मागे महाडात सावित्री नदीचं पाणी चढलं. पुराचा भोंगा झाला, वीज तोडली. वंदना घरात एकटी. आमच्या गल्लीत भोंगा झाला की कुणी विचार करत नाही, जपायचं ते माळ्यावर जातं. वंदनाने अक्काच्या बाटल्यांचा डबा माळ्यावर नेला. पाणी पायरीला लागून उतरलं. मग दोन दिवस कडकडीत ऊन पडलं. रस्ता सुरू होऊन आम्ही परतलो तेव्हा पत्र्याखालचा तो डबा हाताला चटका देत होता.

"पुरातून वाचवलंस आणि भट्टीत घातलंस!" अक्का कडाडली.

"चुकलं, वन्सं. पण इथं जपायचं ते वरच ठेवतात ना?"

"साड्या वर ठेव! डाळ वर ठेव! हे खाली ठेवायचं, माठापाशी, ओल्या फडक्यात! मला मारायचं होतं का तुला?"

पंपात एका दिवसापुरतंच इन्सुलिन उरलं होतं. महाडची औषधाची दुकानं चिखलाने भरलेली. मी दुसऱ्याची मोटारसायकल घेऊन माणगावला गेलो आणि संध्याकाळच्या आत बाटल्या आणल्या. जीव वाचला, बोलणं बंद झालं. समोरासमोर बसूनही अक्का मला म्हणायची, "तिला सांग, मीठ दे." वंदना मीठ द्यायची. वीज गेली की न सांगता बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून माठापाशी ठेवायची. अक्का ते बघायची.

गेल्या मार्गशीर्षात वंदना गेली. तापाचं निमित्त झालं, चार दिवसांत सगळं संपलं. 'तिला सांग' म्हणायला आता 'ती'च उरली नव्हती, आणि अक्का कोपऱ्यात पंपावर हात ठेवून कोरडी बसली होती. मला तिच्याकडे बघवेना.

तिसऱ्या दिवशी वंदनाची आई आली. घाटाखालच्या वाडीवरची म्हातारी, वाकलेली, चार बायकांनी धरलेली. "माझी पोर नाय गो आता!" म्हणत ती दारातूनच अक्काच्या गळ्यात पडायला निघाली. आमच्याकडे मयताच्या घरी बायका गळ्यात पडूनच रडतात. आणि अक्का आजवर प्रत्येक मयताला अंगणात उभी राहून सांगत आली आहे, "लांबून रडा. मला कळतं."

अक्काने हात वर केला. "थांबा."

म्हातारी दारातच थबकली. अक्का उठून आत निघून गेली. माझ्या डोक्यात रक्त चढलं. आजसुद्धा? या बाईपुढेसुद्धा? मी अक्काला घराबाहेर काढायचं ठरवून मागोमाग गेलो.

ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. नळी सोडवून तिने पंप स्टीलच्या डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि डबा माझ्या हातात दिला. तो पंप आजवर मी कधी धरलेला नव्हता. आंघोळीलासुद्धा ती तो दहा मिनिटांवर काढून ठेवत नाही.

"अर्धा तास," ती म्हणाली. "घड्याळ तू बघ. आणि पाडलास तर याद राख."

बाहेर जाऊन ती म्हातारीसमोर उभी राहिली. "या, मावशी. आता या."

म्हातारी तिच्या अंगावर कोसळली. अक्काने तिला दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि ती ओरडून रडू लागली. रडली ती रागावल्यासारखीच. "देवांच्या आधी माझा डबा वर नेला हो तुमच्या पोरीनं! देव खालीच राहिले होते, मावशी, मी आल्या आल्या बघितलं होतं! आणि मी तिला काय बोलले!"

मला हे ठाऊक नव्हतं. मी डबा छातीशी धरून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभा राहिलो. काटा हलत होता, आणि त्या दोघी एकमेकींना धरून खाली बसत गेली.

"अक्का," शेवटी मी म्हणालो, "अर्धा तास झाला."

"कळतंय मला!" म्हातारीच्या खांद्यावरून ती माझ्यावर खेकसली. "यांचं रडून झालं नाही अजून."