पायथ्याची मोहीम

माणसाची पैदास नव्हती ऐशा काळी नदीकाठचा अर्धा डोंगर घसरोन खोऱ्यात येऊन निजला. तो का निजला, याचा निवाडा भूगर्भ कचेरीत मंगळवारी जाहला, तो जैसा जाहला तैसा लिहितो.

कचेरीचे बडे साहेब, कुल दगडांचे जाणते, यांची मसलत ऐसी की डोंगर भूकंपाने पडिला, तैसा भूकंप पुन्हा होणे नाही, सबब पायथा खोदून सडक न्यावी. पाहणीवाल्या बाईसाहेबांचे म्हणणे निराळे. डोंगराचे पोटात चिकणमातीचा थर नदीकडे उतरता, तो पाण्याने निसरडा जाहला आणि नदीने पायथा कोरिला, मग वरला बोजा खाली आला. आता पायथा खोदाल तर उरला अर्धाही येईल. आणि पायथ्याशी बाईंच्या सख्ख्या मावशीचे घर.

मग बाईंनी चहाचा मोठा ट्रे मागविला आणि साहेबांचे मेजावर तिरका मांडून चिकणमाती थापिली, तीवर वाळूखडीचा डोंगर रचिला, आणि तळाशी टेकू हवा म्हणोन साहेबांच्याच चष्म्याची डबी, आत चष्मा तैसाच, मागोन घेऊन लाविली. साहेबांनी भूकंप म्हणोन मेजावर मुठी आपटिल्या. डोंगर ढिम्म. बाईंनी तांब्याभर पाणी ओतिले, तरी ढिम्म. साहेब गालात हसले आणि सडकेचा हुकूम सहीस पुढे ओढिला, परंतु अक्षर दिसेना, म्हणोन डबीस हात घातिला.

बाई म्हणाल्या, "साहेब, डबी काढू नका. तोच पायथा आहे."

साहेब उत्तरले, "डबीनं कुठं डोंगर थांबतो, बाई?"

आणि डबी ओढिली. मग सारा डोंगर, चिखल, खडी, पाणी, दरोबस्त साहेबांच्या इस्त्रीच्या पाटलोणीवर दाखल जाहला. कचेरीत कोणी हसले नाही, हसू दाबिता शिपायास मात्र ठसका लागला. साहेबांनी चष्मा पुसोन डोळ्यांस लाविला, ट्रेकडे पाहिले, मांडीकडे पाहिले, आणि फर्माविले की सडक पलीकडल्या काठाने न्यावी, आणि हुकूम नव्याने टंकावा, हा भिजला.

बाईंनी जिन्यात जाऊन मावशीस फोन लाविला आणि पाटलोणीपर्यंतची हकिकत सांगता सांगता रडू फुटले. मावशी म्हणाली, "रडतेस कशाला? मी कुठं निघाले होते! तुझ्या साहेबांना म्हणावं, माती वाळल्यावर झटका, ओली चोळू नका."

येणेप्रमाणे फत्ते जाहली. डोंगर जागचा हालला नाही, मावशीही नाही.