तीन शिट्ट्यांची गोष्ट

पुस्तक उघडण्याआधी त्याच्या पुठ्ठ्यावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. यशवंततात्या कोंडे. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले, राहायला भाटघरला, धरणाच्या काठी. दोन घंट्या दिल्याशिवाय गाडी हलत नाही, तसंच दोनदा टकटक केल्याशिवाय पुस्तक उघडायचं नाही, असा त्यांचा नियम.

टकटक हा तयारीचा अगदी शेवटचा भाग. त्याआधी पुष्कळ काही असे. मी भोरमधल्या एका वाचनालयात ग्रंथपाल आहे. म्हणजे पुस्तकं झटकायची, वर्गणीची आठवण करून द्यायची आणि कार्यक्रम असला की नारळ आणायचा. त्यामुळे तात्यांची तयारी मला रोज फुकट बघायला मिळायची. ते आले की आधी बाहेरच्या नळावर डोळे धुणार. मग टोपीने चष्मा पुसणार. मान डावीकडे, मान उजवीकडे. खुर्ची खिडकीकडे फिरवणार. एवढं झाल्यावर गोष्टीचं शेवटचं पान उघडून वाचणार.

"तात्या, शेवट आधी वाचला तर मजा काय राहिली?"

"बोर्ड बघितल्याबिगर गाडीत बसता का तुमी? कुठं जायचंय ते म्हाईत असलं की वाट लवकर सरती."

मग पानं भराभर चाळून मधले टप्पे बघायचे. मग गोष्टीला सवाल घालायचे, तेही मोठ्याने. "म्हस हाय कुनाची? दोगी जावा भांडत्यात कशापायी? शेवटाला म्हस कुनाच्या दारात?" सवाल हातात असले की मजकूर आपण होऊन उत्तर द्यायला पुढे येतो, असं त्यांचं म्हणणं. "न्हाईतर डोळं नुसतं फिरत्यात, भाऊ. डिझेल जळतं आन मुक्कामाला कायच पोचत न्हाई."

एवढ्या तयारीने माणूस निदान न्यायशास्त्र वाचेल असं कुणालाही वाटेल. तात्या वाचायचे दिवाळी अंकातली कथा. तीही लहान. लांब कथा दिली की ते पानं अंगठ्याखाली धरून वजन केल्यासारखं करत आणि परत देत. "ही पाच शिट्ट्यांची हाय. आमाला तीनच परवडत्यात."

या शिट्ट्या कुकरच्या, एवढं मला ठाऊक होतं. वेळ मोजायला घड्याळ असताना माणूस कुकर का वापरतो, हे मी विचारलं नाही. वाचनालयात माणसं येतात ती आपापली तऱ्हा घेऊनच. एक गृहस्थ फक्त राशिभविष्य वाचायला येतात आणि जाताना ते चूक आहे म्हणून सांगून जातात.

गेल्या वर्षी आमच्या कार्यकारिणीला शीघ्रवाचनाची हुक्की आली. पुण्याहून एक तज्ज्ञ बोलावले. त्यांचा फलक आमच्या दरवाजापेक्षा मोठा होता, म्हणून तो समोरच्या पिठाच्या गिरणीवर लावला. शाल झाली, श्रीफळ झालं, अध्यक्षांनी पाहुण्यांचा परिचय करून दिला. भराभर कसं वाचावं या विषयाची प्रस्तावनाच पाऊण तास चालली. मग तज्ज्ञ म्हणाले, ओठ हलवू नका, शब्द सुटे न वाचता घोसाघोसाने वाचा, मागे वळून पाहू नका, आणि कशासाठी वाचतोय ते आधी ठरवा. पहिल्या रांगेत तात्या मान डोलवत होते. शेवटी उभे राहिले.

"सायेब, मोठ्यांदा वाचायचं असंल तर वेग कसा वाढवावा?"

तज्ज्ञ हसले. "काका, मोठ्याने वाचणं हाच तर वेगाचा शत्रू. ती शाळेतली सवय सोडा."

"पर दुसऱ्याला ऐकवायचं असंल तर? त्यालाबी समाजलं पायजे."

"मग त्या दुसऱ्याने स्वतः वाचावं!"

टाळ्या पडल्या. तात्या खाली बसले आणि टोपीने चष्मा पुसू लागले. जाताना मला म्हणाले, "मानूस हुशार हाय. पर त्याची गाडी रिकामीच पळती."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एक निवृत्त मुख्याध्यापिका एक दिवाळी अंक घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. "कुणीतरी सूर्यास्त खोडलाय," त्या म्हणाल्या. खरंच खोडला होता. पेन्सिलीची सरळ रेघ, ओळीवरून. मी इतर अंक काढून पाहिले. डोंगररांगा खोडलेल्या, नायिकेचे केस खोडलेले, एके ठिकाणी तर अख्खं चांदणं. संवाद तेवढे शाबूत होते.

तात्यांनी लगेच कबूल केलं. "ते विनंती थांबं हायती, भाऊ. उतरनारं कुनी न्हाई तर गाडी उबी कशाला करायची?"

"अहो, पण अंक वाचनालयाचे आहेत!"

"म्हून तर रेघ हलकी मारलीया. खालचं समदं वाचाया येतंय की."

मी त्यांना सुनावलं, की घरी नेलेला अंक आणा आणि इथे बसून सगळ्या रेघा पुसा. तात्या मान हलवून गेले ते आलेच नाहीत. शेवटी एका सकाळी मीच खिशात खोडरबर टाकून भाटघरला गेलो.

तात्या अंगणात डोळे धूत होते. मला बघून म्हणाले, "या. गाडी सुटायच्या टायमालाच आलासा."

स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी तात्यांच्या पत्नी मालनकाकू पावटे निवडत बसल्या होत्या. या काकूंनी आजवर मला किती वेळा चहा पाजला असेल. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "पावनं कोन म्हनायचं?"

"वाचनालयातलं भाऊ," तात्या म्हणाले.

"बसा, बसा. कुकर लावते आन च्या टाकते."

त्या आत गेल्या तशी तात्यांनी आवाज उतरवला. "तिला हल्ली ध्यानात ऱ्हात न्हाई. आदीपासनं गोष्टीचा लई नाद. वाचाया येत न्हाई, म्हून ड्युटीवरनं आलो की म्या वाचून दावायचो. आता कसं व्हतंय, कुकर चढवल्याबिगर ती ऐकाया बसत न्हाई, आन तिसरी शिट्टी झाली की ती गॅस बंद कराया उठती. म्या उठलो तर रागावती. म्हनती, एवडंबी मला जमत न्हाई का? आन आत जाऊन आली की समदी गोष्ट गेली. कुनाची, काय, कायच न्हाई." त्यांनी अंक मांडीवर घेतला. "कुटल्याच गोष्टीचा शेवट न ऐकता मानसानं दीस कसं काडायचं, भाऊ?"

काकू येऊन बसल्या. तात्यांनी पुठ्ठ्यावर दोनदा टकटक केलं आणि गाडी सोडली.

दोन जावांची गोष्ट होती, एका म्हशीवरून भांडणाऱ्या. तात्या धाडधाड वाचत होते, पण प्रत्येक शब्द मोकळा, दोघी जावांचे आवाज वेगळे. पहिली शिट्टी झाली तेव्हा भांडण पेटलं होतं. दुसरीला पंच बसले होते.

"आवो, पळताय कुठं?" काकू म्हणाल्या. "आदी कसं सावकाश वाचायचा."

"गाडीला उशीर झालाय," तात्या मान वर न करता म्हणाले.

कुकर फुसफुसू लागला. काकूंनी गुडघ्यावर हात टेकले. शेवटचा परिच्छेद बाकी होता, आणि एखाद्या कथेच्या शेवटासाठी मी इतका जीव मुठीत धरून कधीच बसलो नव्हतो. पंचांचा निकाल लागला, दोघी जावा दावं घेऊन धावल्या, तर म्हैस निवांत पंचांच्याच दारात उभी, त्यांच्या पोरीच्या लग्नाचं तोरण चघळत.

"आगं बया!" काकूंनी तोंडाला पदर लावला आणि हसत हसतच उठल्या. तिसरी शिट्टी झाली.

तात्यांनी अंक मिटला. चष्मा काढून हातात धरला.

काकू गॅस बंद करून आल्या. चेहऱ्यावर हसू अजून होतं, पण ते कशाचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला बघून म्हणाल्या, "आवो, कवा आलासा? च्या घेतला का?" मग तात्यांकडे वळल्या. "वाचा की कायतरी. आज तुमी कायच वाचलं न्हाई."

तात्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. खिशातल्या खोडरबरावरचा हात मी काढून घेतला. त्यांनी तोच अंक पुन्हा हातात घेतला, तीच गोष्ट. टक, टक.

आता गॅसवर काही नव्हतं. पहिलीच ओळ खोडलेली होती, तीवर तात्यांचं बोट टेकलं आणि हलक्या रेघेखालचं ते वाचू लागले. सांजवेळ होती. पाणी स्थिर होतं. पलीकडच्या डोंगराची सावली हळूहळू पाण्यात उतरत होती. तात्या एकेक शब्द असा ठेवत होते, जणू म्हैस यायला अजून बराच अवकाश आहे.

काकूंचा पावट्यांतला हात थांबला. त्या दारातून लांब दिसणाऱ्या पाण्याकडे बघत राहिल्या.

"आपल्या धरनावानीच की वो," त्या म्हणाल्या.

तात्या तिथेच थांबले. उतरणारं कुणीतरी होतं.